तरोडा नाका ते अर्धापूर

शर्यतीला सोळा दिवस राहिले असताना अलीझानं लातूरच्या स्टँडवर आपल्या हातातलं घड्याळ काढून उज्वलाच्या मनगटावर बांधलं.

"काकू, रविवारी लांब पळणार ना? हे बांधून पळा. अंतर, वेळ, सगळं सांगतं."

"अंतर मला म्हाईत हाय की गं. सतरा वर्षं अंतरच विकून राहिले."

"तरी बांधा. आकडा बघून बरं वाटतं."

अलीझा म्हणजे जहांगीर ड्रायव्हरची भाची. लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची आणि रोज पहाटे क्रीडा संकुलावर पळायची. जहांगीर आणि उज्वला एकाच गाडीवर: तो चालक, ती वाहक. नांदेडहून दुपारी निघायचं, लातूरला मुक्काम, सकाळी परत. दीड वर्षापूर्वी अशाच एका मुक्कामाला उज्वला पहाटे उठून स्टँडभोवती चालत होती. अलीझानं तिला पाहिलं आणि म्हणाली, काकू, चालता कशाला, पळा. उज्वला तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. त्या दिवशी ती पळाली ती जेमतेम चौकापर्यंत, पण थांबल्यावर तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं.

तेव्हापासून ती पळत होती, जमेल तसं. सरावाचा तक्ता अलीझानं करून दिला होता, पण तक्त्याला एसटीची ड्युटी ठाऊक नव्हती. दिवाळीच्या जादा गाड्यांत तीन आठवडे गेले. लग्नसराईत दोन. एकदा तरोड्याच्या कुत्र्यांनी अर्धा किलोमीटर असं पळवलं, की तेवढा एकच वेगाचा सराव झाला असं जहांगीर सांगत सुटला. खाणंही तसंच. पहाटे दोन केळी, परतल्यावर डेपोच्या कॅन्टीनमधली भजी. केळी घरचीच होती. नवरा दयानंद अर्धापूरच्या शेतात केळी लावायचा आणि रोज नांदेडहून मोटारसायकलनं ये-जा करायचा. म्हणून उज्वलाचं लांबचं पळणंही त्याच रस्त्यानं व्हायचं. तरोडा नाक्यावरच्या घरून निघायचं, अर्धापूरला शेतावर पाणी प्यायचं, परत फिरायचं.

एसटीत अंतर टप्प्यांनी मोजतात, आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. नांदेड ते अर्धापूर तीन टप्पे. जाऊन-येऊन सहा टप्पे, म्हणजे छत्तीस किलोमीटर. हे अंतर ती दोनदा पळाली होती, दोन्ही वेळा चार तासांच्या आसपास. पूर्ण मॅरेथॉन बेचाळीसची, म्हणजे सात टप्पे. राहिला एक टप्पा. या हिशेबावर तिनं दयानंदशी पैज लावली होती.

पैजेचं मूळ एका अर्जात होतं. उज्वलाचा उजवा गुडघा वर्षभर कुरकुरत होता. डॉक्टरांनी फोटो बघून झीज सुरू झाल्याचं सांगितलं. त्यानंतर एका संध्याकाळी दयानंदनं टाइप केलेला अर्ज तिच्यापुढं ठेवला. प्रकृतीच्या कारणास्तव फिरती ड्युटी बंद करून आरक्षणाच्या खिडकीवर बसण्याचं काम मिळावं. खाली सहीपुरती जागा कोरी होती.

"हे कुणी लिहिलं?"

"मी लिहून आणलं. तू जिना आडवी होऊन उतरून राहिली. मला दिसत न्हाई का?"

"मला खिडकीमागं बसायचं न्हाई."

"आणखी दहा वर्षं हलत्या गाडीत उभी राहणार हाईस का?"

"पळून राहिले की मी. छत्तीस किलोमीटर पळते. उभी राहायला काय झालं?"

दयानंद हसला. त्या हसण्यानं तिचं डोकं फिरलं. ती म्हणाली, "लातूरची बेचाळीसची शर्यत पळते. साडेसहा तासांची मुदत हाय, त्याच्या आत. पळाले तर हा कागद फाडायचा. न्हाई पळाले तर सही करते."

"शब्द?"

"शब्द."

अर्ज दयानंदच्या कपाटात गेला. दुसऱ्या दिवशी पैजेची गोष्ट जहांगीरमार्फत डेपोभर झाली.

रविवारी उज्वला घड्याळ बांधून शेतावर जाऊन आली. दारात उभं राहून आकडा पाहिला. चार तास एक मिनिट. अंतर, सव्वीस पूर्णांक एक. तिनं घड्याळ हलवलं, कानाशी धरलं, मग ओट्यावर ठेवून आंघोळीला गेली.

सोमवारी लोह्याच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली. तिनं ते घड्याळ जहांगीरपुढं धरलं.

"तुमच्या भाचीला सांगा, घड्याळ बिघडलंय. दहा किलोमीटर खाल्ले यानं."

जहांगीरनं चहाचा घोट घेतला. "कुठून पळती तू?"

"घरून."

"घर कुठं हाय?"

"तरोडा नाक्याला. जसं काय तुम्हाला म्हाईतच न्हाई."

"हाव, म्हाईत हाय. आता हे सांग, अर्धापूरच्या गाडीवर असताना तरोडा नाक्यावर पॅसेंजर चढला, तर त्याला तिकीट कुठलं फाडती?"

"नांदेडचं. टप्पा तिथूनच सुरू होतो ना."

"आन् नांदेड म्हंजी कुठं?"

"स्टँड," ती म्हणाली आणि पुढं धरलेलं घड्याळ तिनं मागं घेतलं. स्टँड ते तरोडा नाका पाच किलोमीटर होतं. जाताना पाच, येताना पाच. हे पाच किलोमीटर ती कधीच पळाली नव्हती. तिकिटाच्या मशीनला नाका आणि स्टँड एकच होते, आणि सतरा वर्षांत तिच्या डोक्यातही ते एकच होऊन बसले होते. टप्पा भाड्यासाठी असतो, मोजपट्टीसाठी नसतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार.

"या अल्ला," जहांगीर म्हणाला आणि इतका हसला की चहा शर्टावर सांडला. "पॅसेंजर लोकांकडून घेतलं ते घेतलं, स्वतःकडून पण पुरं भाडं घेतलंस!"

ती हसली नाही. एक टप्पा राहिला नव्हता. सोळा किलोमीटर राहिले होते.

त्या रात्री लातूरच्या मुक्कामावरून तिनं अलीझाला फोन केला. अलीझानं हिशेब करून सांगितला: याच वेगानं शेवटपर्यंत पळालात तर सहा तास एकोणतीस मिनिटं आणि वर थोडे सेकंद. "पण काकू, शेवटपर्यंत तोच वेग राहत नसतो. तीस किलोमीटरनंतर सगळेच ढेपाळतात. नाव बदलून एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत घालू का? अजून मुदत आहे."

"नको."

"मग एक करा. आता लांब पळू नका. दोन आठवड्यांत ताकद वाढत नाही, दुखणंच वाढतं."

उज्वलानं ऐकलं नाही. पुढच्या रविवारी ती ऑटोनं नांदेडच्या स्टँडवर गेली आणि तिथून पळायला सुरुवात केली, खरे सहा टप्पे एकदा तरी पायाखालून जावेत म्हणून. परतताना एकोणतिसाव्या किलोमीटरला गुडघा असा भरून आला की ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. शेतावरून घरी निघालेला दयानंद मागून आला. त्यानं मोटारसायकल थांबवली. ती मागं बसली. घरी आल्यावर तिनं त्याला टप्प्यांची चूक सांगितली, एक आकडा न लपवता.

"म्हंजी पैज लावताना तुला म्हाईत नव्हतं."

"न्हाई."

"मग सोड. पैजही सोड. मी हसणार न्हाई."

"आन् अर्ज?"

"अर्जाचं पैजेशी काय? गुडघ्याचं बघून राहिलो मी. अर्ज तर द्यावाच लागल."

"मग पळते," ती म्हणाली आणि सुजलेल्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी दाबून बसली. आठवडाभर ती एकदाही पळाली नाही.

शर्यत पहाटे साडेपाचला क्रीडा संकुलावरून सुटली. एकवीसच्या दोन फेऱ्या होत्या. बेचाळीसवाले शंभराच्या आत होते, त्यांत बायका नऊ. उज्वला सगळ्यांच्या मागं उभी राहिली. अलीझा आज पळत नव्हती, दुसरं घड्याळ घेऊन सायकलवर सोबत निघाली होती.

पहिली फेरी ठरल्याप्रमाणे झाली. तीन तास बारा मिनिटं. संकुलाच्या दारात बँडबाजा होता, एकवीसवाल्यांच्या गळ्यात पदकं पडत होती, फोटो काढले जात होते. दयानंद नांदेडहून मोटारसायकलनं आला होता; तो आणि जहांगीर एका झाडाखाली उभे होते. "तीन मिनटं कमावली!" जहांगीर ओरडला. ती हात वर करून पुढं गेली.

दुसऱ्या फेरीत रस्ता मोकळा राहिला नाही. डाळ मिलांकडे जाणारे ट्रक सुरू झाले होते. क्लासची पोरं सायकलींवरून वळून वळून बघत होती. "काकू, जिंकणारे कवाच गेले!" एकजण म्हणाला. "म्हाईत हाय," ती म्हणाली. अठ्ठाविसाव्याला गुडघा बोलू लागला. एकतिसाव्याला ओरडू लागला. तिनं पळायचं आणि चालायचं आलटून पालटून धरलं, विजेचे दोन खांब पळायचे, एक चालायचा. मग एक पळायचा, एक चालायचा. चौतिसाव्याला पाण्याचं टेबल उचलून टेम्पोत चढवलं जात होतं. अलीझानं त्यांच्याकडून एक बाटली हिसकावल्यासारखी घेतली.

छत्तिसाव्याला आयोजकांची गाडी शेजारी येऊन रांगू लागली. खिडकीतून एक माणूस म्हणाला, "मॅडम, बसा आता. तुम्ही वेळेत पोचत नाही. आम्हाला रस्ता मोकळा करायचाय."

"करा मोकळा. मी कडेनं जाते."

"तुमची जबाबदारी आमच्यावर आहे."

"कुठं सही करू? माझी जबाबदारी माझ्यावर, असं लिहून देते."

त्यानं अलीझाकडं पाहिलं. अलीझानं खांदे उडवले. माणसानं उज्वलाच्या छातीवरचा नंबर टिपून घेतला आणि गाडी पुढं निघून गेली.

त्यानंतरच्या सहा किलोमीटरमध्ये उज्वलाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त तो अर्ज होता. मुदत हुकणार हे आता नक्की होतं. शब्द दिला होता, तोही स्वतः होऊन. मग तिनं त्या खिडकीचा विचार करून पाहिला. काच, काचेला खाली अर्धगोल भोक, त्यातून आत येणारे हात. समोर उभ्या गाड्या, सुटणाऱ्या गाड्या, आणि ती बसलेली. हरण्याची खात्री पटली त्याच वेळी तिला दुसरीही खात्री पटली, की हरल्यावरसुद्धा तिला तिथं बसायचं नाही. पैज लावताना तिला वाटलं होतं की आपण जिंकणार, म्हणून तिनं ड्युटी डावावर लावली. जिंकायची खात्री नसती तर लावली असती का? नसतीच. मग ती डावावर लावायची गोष्टच नव्हती. चूक टप्प्यांच्या हिशेबात झाली होती, आणि त्याआधी एक इथं झाली होती.

चाळिसाव्यानंतर ती फक्त चालली. संकुलाच्या दारात शिरताना मात्र पुन्हा पळाली, वाकडीतिकडी, उजवा पाय ओढत. शेवटच्या रेषेवरची फुगवलेली कमान हवा सोडल्यानं खाली पसरली होती. मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत होते. सहा तास बावन्न मिनिटं, अलीझा म्हणाली.

एका कार्यकर्त्यानं खोक्यातून पदक काढून पुढं केलं. "घ्या ताई, उरलीत. एवढं पळालात."

"मुदतीत आले न्हाई. नको."

जहांगीरनं एक खुर्ची ओढून आणली. ती बसली. दयानंद समोर आला. त्यानं आधी तिच्या गुडघ्याकडं पाहिलं, मग तोंडाकडं, आणि शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद आणि पेन काढलं. त्यात खुशी नव्हती.

"दयानंदभाऊ, थांबा की," जहांगीर मधे पडला. "बेचाळीस पुरे केले तिनं. टाइमचं काय घेऊन बसले? टाइम पैजेत व्हता का?"

"होता," उज्वला म्हणाली. "साडेसहा तास. मीच म्हणाले होते. मी हरले, जहांगीरभाई."

दयानंदनं कागद उघडून पुढं केला. तिनं तो घेतला, पुन्हा घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिला.

"सही करणार न्हाई."

"शब्द दिला होतास."

"हाव, दिला होता. मोडून राहिले."

"असं कसं मोडती?"

"असंच. सगळ्यांच्या देखत. डेपोत सांगा, घरी सांगा, अर्धापूरला सांगा. उज्वलानं शब्द मोडला म्हणावं. मी कुणापाशी न्हाई म्हणणार न्हाई. पण माझी ड्युटी मी पैजेवर लावायला नको होती, आन् तुम्ही माझ्या नावानं अर्ज लिहायला नको होता."

"आन् गुडघा?"

"दुखून राहिला. लई दुखून राहिला. उद्या गाडीतही दुखल. ज्या दिवशी उभं राहवणार न्हाई त्या दिवशी अर्ज मी लिहीन, माझ्या अक्षरात."

दयानंदनं कागदाकडं पाहिलं. तो फाडला नाही. खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

"हा असाच राहील," तो म्हणाला.

"राहू द्या."

मंडपवाला पोचला. त्याला तिची खुर्ची हवी होती. जहांगीर आणि अलीझा दोन्ही बाजूंनी हात द्यायला वाकले, तसा उज्वलानं तळवा दाखवून त्यांना थांबवलं. पहिल्यांदा ती अर्धी उठून परत बसली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी खुर्चीच्या पाठीला धरून सरळ उभी राहिली, खुर्ची मंडपवाल्याकडं ढकलली आणि दयानंदला विचारलं, "मोटारसायकल कुठं लावली?"