शून्य कोणाच्या गावात?

परसटोला आणि मोहटोला या दोन गावांत मिळून सरकारने एकच विहीर मंजूर केली, तीही बरोबर मध्यावर. सायंकाळपर्यंत दोन्ही पाटलांचं एका जागेवर जमलं नाही, तर विहीर तिसऱ्याच गावाला जाईल, असं तालुक्याच्या गावाहून, मूलहून आलेल्या ओव्हरसियरने बजावलं होतं. परसटोल्याच्या लटारू पाटलाला घरूनही ताकीद होती. कोसभरावरून डोक्यावर पाणी आणून कावलेली त्याची बायको रंभा म्हणाली होती, "विहीर गेली का मी बी माहेरी गेली समजा."

मधे बांबूचं रान, नीट सरळ जायची सोय नाही. म्हणून रामाजी गुरुजींनी कागदावर चौकटी आखल्या. एक चौकट म्हणजे शंभर पावलं.

"परसटोला शून्य, शून्य. मोहटोला पूर्वेला सहा, उत्तरेला दोन. दोन्हीचे निम्मे तीन आणि एक."

तिथे खुंटी ठोकली. लटारूचं पित्त खवळलं. "गुरुजी, सत्तर चुलींचं गाव अन् शून्य? तेबी दोनदा?"

गुरुजी पडले भिडस्त. त्यांनी शून्य मोहटोल्याला नेलं. मोहटोल्याचा मुखरू पाटील रुसून घरी गेला, आणि परसटोला झाला उणे सहा, उणे दोन.

"आता शून्याच्याही खाली घातलं आमाले!"

शेवटी शून्य रानातल्या मारुतीच्या पारावर बसवलं. देवाची काही हरकत नव्हती. परसटोला दोन, चार. मोहटोला आठ, सहा. बेरीज करून निम्मे केले, पाच आणि पाच. हा आकडा लटारूला पटला. छाती काढून, मोठ्याने मोजत तो निघाला. पारापासून पूर्वेला पाचशे पावलं, मग उत्तरेला.

"चारशे अठ्ठ्याण्णव, चारशे नव्व्याण्णव..."

पाचशेव्या पावलाला पाटील कमरभर खड्ड्यात पडले.

खड्ड्यात रंभा आणि मुखरूची बायको नीलाबाई कुदळ-घमेलं घेऊन उभ्या होत्या. "सकाळच्या खुटीवरच खनून राह्यलो आमी," रंभा म्हणाली. "तुमचं शून्य फिरलं, जागा कुठी हालली?"

लटारूला लाज वाटली, पण बायको माहेरी न जाता इथेच आहे हे पाहून जीव भांड्यात पडला. त्याने मुकाट्याने कुदळ घेतली.

तेवढ्यात मोहटोल्याकडून आवाज आला. कोणाच्याच हिशेबावर भरवसा न ठेवता मुखरू आपल्या गावापासून स्वतः मोजत, पश्चिमेची तीनशे पावलं संपवून आता दक्षिणेला येत होता.

"अठ्ठ्याण्णव..."

लटारू ओरडणार, तोच नीलाबाईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "चूप राहा भाऊ. खनाले मानूस कमी हाय."