आतल्या टोकाची टोपी

नागसेनने दातांत स्क्रू धरून जुन्या संगणकाच्या पोटात नेटवर्क कार्ड दाबलं. ते कुरकुरत जागेवर बसलं. असलं जुनं कार्ड शोधत तो इतवारीतल्या भंगाराच्या दुकानांतून इतका फिरला होता, की तेवढ्यात दुसरी बायको मिळाली असती, असं त्याची बायको म्हणाली होती.

"चालंन का गा?" कामिनीबाईंनी विचारलं.

"चालंन, मॅडम. पण तारेच्या दोन्ही टोकाले टोपी पाहिजे. एक बी टोक उघडं राहिलं, का पुरी लाईन मुकी."

हुडकेश्वरच्या या घरात कामिनीबाईंचे यजमान सुशीलसर कॉम्प्युटर क्लास चालवायचे. नागसेन इथेच शिकला. सर आतल्या खोलीतल्या मशीनवर, बाई बाहेरच्या, आणि मधे भिंतीतून गेलेली काळी तार. वर्गात मोठ्याने बोलायचं नाही हा सरांचा दंडक, म्हणून चहासुद्धा ते टाईप करून बाईंच्या पडद्यावरच मागायचे. 'झाला का चहा?' एवढंच.

सर गेले त्याला वर्ष होत आलं होतं. उद्या मुलगा, ऋषी, हे सगळं भंगारात देणार होता. त्याआधी एकदा या मशिनी एकमेकींशी बोललेल्या पाहायच्या, हा बाईंचा हट्ट. नाहीच जमलं तर सर दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल, असं त्यांना वाटत होतं.

बाहेरच्या टोकाला टोपी होती. आतली मशीन सुरू करून नागसेनने टेबलाखाली हात फिरवला, तर तारेचं टोक उघडं आणि हाताला नुसती धूळ.

"किचनमध्ये पाहून येते," बाई म्हणाल्या. "त्यायले काई बी डब्यात टाकून ठेवायची सवय होती."

नागसेन बाहेरच्या मशीनपाशी येऊन बसला. लाईन मुकीच होती. तो कॅबिनेटचे स्क्रू आवळत असताना पडद्यावर अक्षरं उमटली. जोडणी झाली होती. टोपी सापडली आणि स्क्रूच्या नादात बाई बाजूनेच आत गेल्याचं आपल्याला कळलं नाही, असं धरून तो हसला. तेवढ्यात खाली आणखी एक ओळ आली.

झाला का चहा?

"मेसेज आला, मॅडम! तुमीच टाईप केलं ना?"

"काय टाईप केलं?"

आवाज मागून, स्वयंपाकघरातून आला. कामिनीबाई दारात आल्या. त्यांच्या तळहातावर पितळी टोपी होती.

"हे पाय, लवंगाच्या डब्यात होती."

नागसेनने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिला हे एकच दार होतं आणि ते त्याच्या समोर होतं. आत कोणीच गेलं नव्हतं.

"बंद करून टाकू का, मॅडम?"

बाईंनी पडदा वाचला. मग त्यांनी टोपी पदराच्या टोकाला घट्ट बांधली.

"काहून? राहू दे. ऋषीले फोन लाव. उद्या कोणाले पाठवू नको म्हणावं."

त्या गॅसकडे वळल्या. पातेल्यात त्यांनी आणखी एक कप पाणी घातलं. साखर वाढवली नाही. सरांना मधुमेह होता.