कोमलच्या सात कोंबड्या

“पंधरा वर्सं शाळा शिकविली तुला, ती काय कोंबड्यायची शीट काढायला?”

शेषरावभाऊ अंगणातून ओरडले. हळद शिजवायच्या कामावरून नुकतेच आले होते. हात, पाय, बनियन, सगळं पिवळं. खाटेवर टेकायला गेले, तर उशाशी एक तलंग, नव्यानं अंड्यावर आलेली कोंबडी, अंडं घालून बसलेली.

“हळू बोला बाबा,” करुणा खुराड्यातून म्हणाली. “पहिलंच अंडं हाय तिचं. दचकली त उद्या घालनार न्हाई.”

“ऐकलं का वहिनी?” भाऊ भिंतीवरून मला म्हणाले. “आता माह्याच घरात मला बोलायची चोरी!”

मी हसले. आमची अन् त्यांची भिंत एकच, छातीएवढी. इकडचं भांडण तिकडं अन् तिकडची कोंबडी इकडं, असं आमचं चालायचं.

करुणा हिंगोलीला बी.एस्सी. झाली. बरोबरीच्या पोरी कोणी पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यानं पळायला लागल्या, कोणी परीक्षेची पुस्तकं घेऊन पुण्याला गेल्या. ही इथं आमच्या गावात, साखऱ्याला परत आली अन् दोन खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवल्या. दीड वर्षात बेचाळीस जीव झाले. चालीवरून ओळखायची एकेकीला. गल्लीत कोणाची कोंबडी मान टाकायला लागली की बाया तिला डालग्यात, टोपलीत घालून करुणाच्याच दारात.

एकच पोरगी तिच्यासारखी येडी होती. कोमल. दोघी वसतिगृहात एका खोलीत राहायच्या. तिथं पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन पिल्लं पाळली होती म्हणे, बल्बच्या उबेला. वसतिगृहाच्या बाईंनी पकडलं तेव्हा कोमलनं सगळं अंगावर घेतलं, करुणाचं नाव येऊ दिलं नाही. शिक्षण झालं की दोघींनी मिळून मोठं खुराडं टाकायचं, असं ठरलेलं. पण निकाल लागला अन् दोन महिन्यांत कोमलचं लग्न झालं. गोरेगावला दिली. तिथंही तिनं सासूशी भांडून कोंबड्या पाळल्याच. रोज दोघींचा फोन. नवऱ्याचं, सासूचं राहू द्या; कोणती खुडूक झाली अन् कोणत्या कोंबडीनं किती पिल्लं काढली, हेच बोलणं.

तर त्या दिवशी दुपारी कोमल जीपमधून उतरली. डोक्यावर डालगं, वर ओला फडका. आत सात कोंबड्या.

“आठ दिवस ठिव गं,” ती म्हणाली. “नंदेला पाहायला पाव्हणे येऊन राहिले. सासू म्हंती, रोज एक कापते. माह्या जिवाला घोर लागला.”

करुणाचा नियम होता. बाहेरून आलेली कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवायची, मागच्या निंबाखाली. बाजारातून आणलेलं एक पिल्लू तिच्यात सोडायला मी गेले, तर मलाही तिनं परत पाठवलं होतं. ती डालगं उचलून मागं निघाली तशी कोमल म्हणाली, “माह्या कोंबड्या परक्या हाईत का तुला?”

करुणा थांबली. “तसं न्हाई गं. माह्यायची लस द्यायची येळ झाली, अन् सेनगावच्या दुकानात अजून आली न्हाई. म्हून भ्याव वाटते. तुह्या बराबर हाईत ना? कोनती मलूल, कोनती हिरवं हगनारी?”

“न्हाई वो बाई. मस्त हाईत.”

“खरं?”

“तुह्याशी खोटं बोलन का मी?”

करुणानं डालग्यावरचा फडका काढला अन् सातही कोंबड्या अंगणात सोडल्या. लक्ष्मीबाईनं, करुणाच्या आईनं, चहा ठेवला. कोमल चहाला थांबली नाही. तीच जीप परत जाती, म्हणाली अन् गेली.

चौथ्या दिवशी त्या सातातली एक भिंतीला टेकून बसली. मान वाकडी. दुसऱ्या दिवशी तीन. मग करुणाच्या कोंबड्या. माना पिळून पाठीला लागायच्या अन् जागच्या जागी गोल फिरायच्या. मानमोडी. करुणा चमच्यानं पाणी पाजायची, गूळ पाजायची. तिला माहीत होतं की यावर औषध नाही, तरी पाजायची. दहा दिवसांत अंगण जवळजवळ मोकळं झालं. मेलेली एकेक भाऊच उचलायचे अन् मागं खड्डा करून चुना टाकून पुरायचे. ती पहिलं अंडं घातलेली तलंग पुरली, तेव्हा तेवढं फावडं टेकवून जरा वेळ उभे राहिले.

रोग भिंतीवरून आला. माझ्या सात गेल्या, अनुसयाबाईच्या अकरा. अनुसयाबाई दारात उभी राहून ओरडली, “शिकलेली म्हनं! हिनंच रोग आनला अन् गल्लीत सोडला!”

“कुठून आला गं?” मीही विचारलं, रागातच.

“माह्याच हातून आला, काकू,” करुणा म्हणाली. कोमलचं नाव घेतलं नाही.

तिला वाटत होतं, कोमलच्या घरीही असंच झालं असेल अन् तिला सावध करावं. पण कोमल फोन उचलत नव्हती. शेवटी कोमलला घेऊन आलेला जीपवाला थावरा दिसला तसा करुणानं त्याला निरोप सांगितला, “कोमलला म्हना, मानमोडी हाय. उरल्यासुरल्या सांभाळ.”

थावरा म्हणाला, “आता काय सांभाळते ताई? तिच्या त तवाच मेल्या. इकडं डालगं आनलं ना, त्याच्या आदल्या दिवशी मीच खड्डा खनून देला. वीस-बावीस व्हत्या.”

करुणा घरात गेली. चप्पल अन् कपडे बदलले, हात राखेनं घासले. “काकू, येता का माह्यासंग?” म्हणाली. आम्ही त्याच जीपमध्ये बसलो.

गोरेगावला कोमल ओट्यावर धुणं घेऊन उभी होती. आम्हाला पाहून तिच्या हातातली बादली खाली आली. कोणी बोलायच्या आधी तीच म्हणाली, “माह्या कशा हाईत?”

मला वाटलं, आता करुणा तोंडात मारते. ती म्हणाली, “तुही कबरी तेवढी जगली.”

कोमलच्या तोंडावर असा आनंद आला! आला अन् लगेच विझला. “अन् तुह्या?”

“एक बी न्हाई.”

कोमल ओट्यावर बसली, रडायला लागली. “मला वाटलं, तुला इलाज ठावा हाय. तू वाचविशीन. सात चांगल्या दिसत व्हत्या गं. तुला खरं सांगितलं असतं त तू घेतल्याच नसत्या.”

“घेतल्या असत्या,” करुणा म्हणाली. “येगळ्या ठिवल्या असत्या.”

तेवढंच. कोमलनं तिचा हात धरायला हात पुढं केला. करुणा मागं सरली.

“कबरीला दोन महिने हालवू नको. बरी झाली तरी रोग देते ती. मी संभाळते. मंग घेऊन जाय.” मग वळता वळता म्हणाली, “मी घरी नसताना ये.”

जीपमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली. वाटेत दोन्ही बाजूंना वाळत घातलेली हळद होती. मीही तिला रागात जाब विचारला होता, ते आता मला आठवत होतं.

लस आली ती त्या आठवड्यात. करुणाला आता ती कशाला पाहिजे होती? पण वरच्या आळीत रोग अजून पोचला नव्हता. बर्फाच्या डब्यात लस घालून ती निघाली, अन् डबा शेषरावभाऊंनी तिच्या हातातून काढून आपल्या खांद्याला लावला. “चाल,” म्हणाले. घरोघर पुढं होऊन तेच सांगायचे, “कोंबड्या धरा वो! माही पोरगी डोळ्यात थेंब टाकती, पाच मिनटाचं काम हाय.” पुढच्या महिन्यात पुन्हा, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा.

दोन महिन्यांनी कोमल आली तेव्हाही दोघं वरच्या आळीतच होते. लक्ष्मीबाईनं कबरी डालग्यात घालून दिली. कोमल तिच्या पाया पडली अन् रिकाम्या खुराड्याकडं पाहत बराच वेळ उभी राहिली. जीपनं हॉर्न दिला तेव्हा गेली.

मी वर गेले, करुणाला सांगायला. ती अनुसयाबाईच्या लेकीच्या अंगणात उकिडवी बसली होती. अनुसयाबाई स्वतः कोंबडी धरून समोर. खाली मान घालून म्हातारीनं विचारलं, “तू कवा आनतीस गं आता नव्या?”

“आनीन,” करुणा म्हणाली. मला पाहिलं, समजली. “गेली का?”

“गेली.”

“पंख नीट धरा आजी,” ती म्हणाली. कोंबडीचा डोळा दोन बोटांनी उघडला अन् थेंब सोडला.