पाणी न पिणाऱ्या इंजिनाचे तेल

पाण्याचा थेंबही न पिता आयुष्य काढलेले इंजिन मी. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावी, व्हर्ना ट्रेम्बाथबाईंच्या कासवासारख्या फुगीर मोटारीत, मागच्या झाकणाखाली माझे बिऱ्हाड आहे. मला थंड राहायला वारा आणि तेल एवढेच पुरते. म्हणूनच तेलाच्या बाबतीत मी तडजोड खपवून घेत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. मी इथे आले तेव्हा बाई गावोगाव फिरणाऱ्या परिचारिका होत्या. बाळंतपणाचे बोलावणे आले की आम्ही निघत असू, आणि मी कधीही नकार दिला नाही. याचे श्रेय बाईंच्या शिस्तीला. मला फिरवून आणल्यावर, मी गरम असतानाच त्या तेल उतरवीत. त्यामुळे गाळही वाहून येई. मग पोटाखालची चकती उघडून जाळी धुवायची, कागदी वायसर नवे घालायचे आणि नट हलक्या हाताने आवळायचे. उतरलेले तेल त्या बोटांवर चोळून पाहत. कण लागला नाही, तरच त्यांचे समाधान होई.

तेल नेहमी जाड आणि जुन्या पद्धतीचे, मळ सोडवणारी औषधे न घातलेले. पुढे ते दुकानातून नाहीसे झाले. त्याच उन्हाळ्यात दूर उत्तरेला हॉकर गावी राहणाऱ्या थोरल्या बहिणीच्या, इल्माबाईंच्या, ऐंशीव्या वाढदिवसाला स्वतः गाडी चालवत जायचे बाईंनी ठरवले.

"आत्या, वय काय तुझं! आणि हा डबा तुझ्याहून म्हातारा!" भाचा डॅरल म्हणाला. "वाटेत बंद पडली, तर यापुढे तुला मीच नेणार-आणणार. किल्ली माझ्याकडे. कबूल?"

"कबूल. आणि डबा कुणाला म्हणतोस? तुझ्या जन्माच्या वेळी मी याच डब्यातून आले होते."

डॅरल मनाने चांगला. त्याने दुकानातले सर्वांत महागडे, नव्या गाड्यांचे पातळ तेल आणले आणि आत्याला त्रास नको म्हणून स्वतःच बदलले. मी थंड असताना. जाळी न उघडता. बाई दारातून सगळे पाहत होत्या. पण पोराने हौसेने आणलेली भेट परत कशी करायची, म्हणून गप्प बसल्या.

हॉकरच्या वाटेवर, हॉरॉक्स खिंडीच्या चढावर, उत्तरेच्या वाळवंटातला वारा भट्टीसारखा आला. ते पातळ तेल तापून पाण्यासारखे झाले. त्यातल्या औषधाने माझ्या अंगचा वर्षानुवर्षांचा मळ सुटून जाळीवर साचला. तेल वर येईना, माझा घसा कोरडा पडू लागला. वेगाच्या काट्याशेजारचा तेलाचा दिवा लुकलुकला आणि मग पेटूनच राहिला.

आणखी थोडे रेटले असते, तर मी कायमचे अडकले असते. बाईंनी तत्क्षणी किल्ली फिरवून मला बंद केले आणि गाडी उतारावरून मागे घरंगळू देत एका शेताच्या फाटकापाशी आणली.

शेतकरी मर्व्ह क्लूगे बाहेर आला. "काय बाई, घोडं बसलं का?"

"घोड्याला चुकीचं पाजलंय. तुमच्याकडे ट्रॅक्टरचं जाड तेल आहे? आणि एक परात?"

"आहे. पण हे तुम्ही करणार?"

"तुम्ही परात धरा. सांडलं तर रागावेन."

जाळी निघाली, तेव्हा तिच्यावर काळी साय धरली होती. मर्व्हने शीळ घातली. बाईंनी ती धुतली, जाड तेल ओतले, मला सुरू केले. दिवा विझला. हॉकरला पोचल्यावर वाढदिवसाच्या पोशाखाला हात लावण्याआधी त्यांनी जाळी पुन्हा उघडून पाहिली.

मग त्यांनी डॅरलला फोन केला आणि सारे खरे सांगितले.

"म्हणजे बंद पडलीच ना, आत्या?"

"पडली नाही. मी केली. ज्याला वेळेवर थांबता येतं, त्याच्याकडेच किल्ली असावी."

मग तो म्हणाला, "परत आलीस की मला ती जाळी उघडायला शिकव."

आजही मी धडधाकट आहे. माझ्या वयाची इंजिने ज्यांच्या घरी असतील, त्यांना माझे एवढेच सांगणे: तेल किमतीवर निवडू नका, आमचे वय आणि तुमच्याकडचे ऊन पाहून निवडा. नवे पाजण्याआधी जुना मळ काढा. आणि दिवा लागला, की आधी थांबा. उन्हात पाय मोकळे करा. आम्ही कुठे पळून जात नाही.