दोन झाकणं

औषधाच्या बाटलीच्या झाकणात आतून एक बारीक उमटलेली रेघ असते. त्या रेघेपर्यंत भरलं की वीस मिलिलिटर. फवारणीच्या एका पंपाला तेवढंच पुरतं. रेघ इतकी पुसट असते की झाकण उजेडाकडे तिरपं धरल्याशिवाय दिसत नाही, म्हणून शेतकरी दुकानदाराला विचारतात, किती टाकू?

आमगावच्या ओमेश्वर बिसेनच्या कृषी केंद्रात हा प्रश्न त्याच्या बायकोला विचारला जाई. योगेश्वरी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, कमी बोलणारी. ती जे सांगेल ते नेमकं असतं, असा पंचक्रोशीत तिचा लौकिक होता. वर्षानुवर्षं ती एकच उत्तर देत आली होती. एक झाकण.

दोन हजार अकराच्या पावसाळ्यात औषधाच्या कंपनीनं जाहीर केलं, की ज्याचं विक्रीचं टारगेट पुरं होईल त्या दुकानदाराला बायकोसकट बँकॉकची सहल. शटर ओढता ओढता ओमेश्वर म्हणाला, एकच कशाला सांगतेस, दोन सांगत जा, पीक काही मरत नाही त्यानं. योगेश्वरी हो म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्याच गिऱ्हाइकाला मात्र तिनं दोन सांगितलं. पोळा झाला की बंद करू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पोळा झाला, मग दसऱ्यावर ढकललं.

त्या औषधाचं तिला पुरतं ठाऊक होतं. ते धानाचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांच्या आधी बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, कोळ्यांना मारतं. कोळी तुडतुडे खाऊन जगतात. कोळी मेले की धानाच्या खोडात दडलेल्या अंड्यांतून निघणाऱ्या तुडतुड्यांच्या पिल्लांना रान मोकळं. जितकं औषध जास्त, तितके पुढचे तुडतुडे जास्त, आणि मग पुन्हा औषध.

बकारामकाका तिच्या माहेरचे, दरेकशाच्या वाटेवरच्या गावातले. त्यांची बांधी तिच्या वडिलांच्या बांधीला लागून. ते त्या हंगामात तीनदा आले. तिसऱ्यांदा येताना वाळून पिवळे पडलेले धानाचे दोन चूड, मुळासकट उपटलेले ठोंब, हातात होते. बांधीत मधोमध धान गोल गोल जळत चाललं आहे म्हणाले. तिनं चूड पाहिले, आणि तीच बाटली फळीवरून काढून दिली. त्या आठवड्यात टारगेट पुरं झालं.

फेब्रुवारीत दुकानदार मंडळी बायकांसह गोंदियाहून हावड्याला आणि तिथून विमानानं बँकॉकला गेली. कंपनीनं आचारीही सोबत नेला होता, त्यामुळे पुरुष माणसं हॉटेलात बसून पनीर आणि दालफ्राय खात होती आणि इथलं खाणं कसं वास मारतं यावर बोलत होती. योगेश्वरी तिरोड्याच्या दुकानदाराची बायको रीता हिच्याबरोबर बाहेर पडली. एका गाडीवर तिनं चिकट भात आणि आंब्याच्या फोडी खाल्ल्या, वर नारळाचं घट्ट दूध. धानाच्या मुलखातली बाई ती, पण भात इतका गोड लागू शकतो हे तिला नवीन होतं. तिनं दुसरी प्लेट मागवली. बाजारात तिनं जांभळी रेशमी ओढणी घेतली, सुकवलेल्या आंब्याची पाकिटं घेतली, भाव करताना हसलीसुद्धा. लग्नानंतर आपण इतकं मोकळं कधी चाललो होतो, ते तिला आठवेना.

शेवटच्या दिवशी बायकांना मालिशला नेलं. मंद दिवे, गवती चहाचा वास, पाय कोमट पाण्यात. समोर बसलेल्या मुलीनं तेलाची बाटली उघडली, झाकणात तेल ओतलं, झाकण उजेडाकडे तिरपं धरून पाहिलं, आणि मग ते योगेश्वरीच्या घोट्यावर सोडलं.

योगेश्वरीनं पाय मागे ओढला.

"गुदगुल्या होऊन राहिल्या का वो?" शेजारून रीतानं विचारलं.

ती हो म्हणाली आणि पाय परत पुढे केला. मुलीचे हात चांगले होते. टाचांतला वर्षानुवर्षांचा ठणका निघून गेला. सगळं आवडलं तिला, आणि आवडलं हेच पुढे कितीतरी दिवस घशाखाली उतरेना.

मार्चच्या शेवटी उन्हाळी धान पोटरीवर आलं होतं. कंपनीचे साहेब दुकानात चहा पीत बसले होते. या वेळी सिंगापूर, भाभीजी, असं त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं. ओमेश्वरनं नवं टारगेट कबूल करूनही टाकलं होतं. तेवढ्यात बकारामकाका आले, ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेला धानाचा एक चूड घेऊन.

योगेश्वरीनं त्यांना बसायला स्टूल दिलं, सुकवलेल्या आंब्याचं उरलेलं पाकीट पुढे केलं. काकांनी एक तुकडा चघळला.

"बँकॉकचा आंबा हाये म्हने," ते साहेबांकडे बघून म्हणाले. "आमी फवारे मारले, आन् आमची पोरगी इमानात बसली. घ्या."

साहेब मोठ्यानं हसले. ओमेश्वरही हसला. काकांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, गावच्या पोरीचं कौतुकच होतं. योगेश्वरीनं दुपट्टा सोडला, चूड दाराच्या उजेडात नेला आणि पानं बाजूला सारून बुंध्याशी पाहिलं. तुडतुडे दोनचारच होते. पानाच्या बेचक्यातून एक लहानसा तपकिरी कोळी निघाला, तिच्या अंगठ्यावर चढला, मनगटाकडे गेला. मागच्या वर्षीच्या जळक्या चुडांवर तिनं एकही पाहिला नव्हता.

ओमेश्वरनं तोवर बाटली काढून काउंटरवर ठेवली होती.

"दोनच झाकणं न, बाई?" काकांनी विचारलं. "का अवंदा तीन करू? तू सांगशीन तसं. तुया शब्दाभाईर नाई मी."

तिनं कोळ्याला परत चुडात जाऊ दिलं. दुपट्टा होता तसा गुंडाळून काकांच्या हातात दिला. मग काउंटरवरची बाटली उचलून फळीवर ठेवली. साहेबांचा कप ओठांशी थांबला. ओमेश्वर हळूच म्हणाला, अगं, काय करून राहिली?

"काका, औषध नाही देत मी," योगेश्वरी म्हणाली. "तुमच्या बांधीत कोळी परत आले आहेत, त्यांना जगू द्या. मागच्या साली दोन झाकणं मी बँकॉकच्या सहलीसाठी सांगितली होती. आता या दुकानात दोन झाकणं मी कोणालाच सांगणार नाही. तुमच्या टारगेटसाठीही नाही, साहेब, आणि यांच्या सांगण्यावरूनही नाही."