प्रचाराला जुंपलेली रिक्षा

मी दीपक पिलणकरची रिक्षा बोलतेय. हो, तीच, जिच्या पाठीवर निवडणुकीत विनीतचा हसरा फोटो होता. त्या फोटोमुळे रत्नागिरीत पुष्कळ जण मला ओळखतात. खरं काय झालं ते मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

माझा जन्म कारखान्यातला, पण तिथलं काही आठवत नाही. आठवते ती अवनी, दीपकची बायको. शोरूमबाहेर तिने मला हळदकुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. दीपक तेव्हा मुंबईतलं हॉटेलातलं काम सोडून नुकताच गावी परतला होता. मी आले खरी, पण नाक्यावरच्या स्टँडवर आम्हाला कुणी उभं करून घेईना. शेवटी हरिहरकाकांनी शब्द टाकला. काका कैक वर्षं आमच्या प्रभागाचे नगरसेवक. त्यांच्या एका फोनवर दीपकला रांगेत जागा मिळाली.

"काका, कधी काही लागलं तर हाक मारा," दीपक म्हणाला होता. काका नुसते हसले होते.

पुढची वर्षं बरी गेली. सकाळी शाळेची पोरं, मग मिरकरवाड्याहून माशांच्या टोपल्या, हंगामात आंब्याच्या पेट्या, संध्याकाळी स्टेशन. माणसं माझ्यात बसली की मन मोकळं करतात. ड्रायव्हरला कान असतात हे ती विसरतात, मग माझी काय कथा!

आमची आळी सखल भागातली. गटारावरची झाकणं फुटलेली, नळाचं पाणी त्याच गटाराच्या कडेने येणारं. मे महिन्यात त्या पाण्याला वास मारायला लागला. तेव्हा पद्मजाताई अर्ज घेऊन नगरपरिषदेत खेटे घालत होत्या. दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, जिभेने तिखट. एकदा त्या माझ्यातून परतत होत्या, घामाघूम.

दीपक म्हणाला, "ताई, अर्ज देऊन थकलात. आता तुम्हीच उभ्या राहा. मी आहे ना."

ताई खरंच उभ्या राहिल्या, अपक्ष. आणि त्याच जागेवर हरिहरकाकांनी आपल्या मुलाला, विनीतला, उभं केलं.

काका स्वतः आमच्या दारात आले. माझ्या टपावर हात ठेवून म्हणाले, "दीपक, गाडी आपलीच, काय?"

दीपकने होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मला फ्लेक्सने गुंडाळलं. मागची काच झाकली, टपावर भोंगा बांधला, सीटवर पत्रकांचे गठ्ठे रचले. ज्या सीटवर पोरं दाटीवाटीने बसायची, तिथे माणसाला जागा उरली नाही. दिवसभर एकच रेकॉर्ड वाजायची आणि ती माझ्याच अंगातून बाहेर पडायची. मी आतून कितीही ओरडले असते तरी माझं कोण ऐकणार होतं?

लोक मात्र दोघांना तोलत होते. सिग्नलपाशी, नळावर, मासळीवाल्यांच्या समोर, जिथे थांबू तिथे तेच.

"विनीत गुणी पोर आहे हो. पण तिथे बोलणार कोण, तो की त्याचे बाबा?"

"पद्मजा बोलेल, पण एकटीचं ऐकतंय कोण? पाठीशी माणसं लागतात."

दोन्ही बाजूंना तथ्य होतं. म्हणूनच निवड अवघड होती.

एकदा आळीच्या चिंचोळ्या वळणावर पद्मजाताई समोर आल्या. सोबत दोन बायका, हातात पत्रकं. मला पुढे जाता येईना, मागेही वळता येईना. दीपकने घाईघाईने भोंगा बंद केला.

"बंद कशाला करतोस?" ताई म्हणाल्या. "ज्यांचं काम घेतलंस ते नीट कर."

त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि आम्हाला वाट दिली. दोन शिव्या घातल्या असत्या तर दीपकला बरं वाटलं असतं.

प्रचार संपत आला होता. एका सकाळी आमच्या आळीतली सोनूबाई कळशी घेऊन नळावर निघाली आणि फुटक्या झाकणातून गटारात पडली. आरडाओरडा झाला. दीपक धावला, ताईही धावल्या.

"पाय हलत नाय रे माजा," सोनूबाई कण्हत होती.

दीपकने पत्रकांचे गठ्ठे रस्त्यावर फेकले. ताईंनी सोनूबाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही सिव्हिलकडे सुटलो. माझ्या पाठीवर विनीत हसतोय आणि आत त्याच्या विरोधातली उमेदवार बसलीय! मारुती मंदिरापाशी कुणीतरी फोटो काढला. तो दुपारपर्यंत गावभर फिरला, खाली लिहिलेलं होतं: पद्मजाताईंचा विनीतला पाठिंबा.

दुसऱ्या दिवशी काकांनी दीपकला स्टँडवर बोलावलं. विनीत शेजारी उभा होता.

"आज रेकॉर्ड नको. माईकवरून तू बोल. आळीतली माणसं तुझं ऐकतात. सांग, ताईंनी पाठिंबा दिलाय."

"काका, ताई असं म्हणाल्या नाहीत हो."

"पण तुझ्या रिक्षात बसल्या की नाही? मग तू खोटं कुठे बोलतोयस?"

"बाबा, राहू दे ना..." विनीत पुटपुटला.

"तू गप रे."

विनीतने मान खाली घालून मोबाईल काढला. दीपक त्याच्याकडे बघत राहिला. नगरपरिषदेत आमच्यासाठी बोलणार होता तो हाच.

दीपक जेवायला घरी आला. अवनीच्या कानावर सगळं आलं होतं. ती माझ्याजवळ आली, तिने त्याला खाली उतरूच दिलं नाही.

"तुम्ही नाही बोललात तर स्टँड जाईल."

"हं."

"आणि बोललात तर आळीतून मान वर करून जाल काय?"

दीपक न जेवताच निघाला. आळीच्या तोंडाशी त्याने मला थांबवलं. रेकॉर्ड बंद केली आणि माईक हातात घेतला.

"मी दीपक पिलणकर. विनीतच्या प्रचाराच्या रिक्षातून बोलतोय. पद्मजाताई या रिक्षात बसल्या त्या सोनूबाईला दवाखान्यात न्यायला. त्यांनी कुणालाही पाठिंबा दिलेला नाही. त्या उभ्या आहेत. मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा."

तेच तो पुढच्या आळीत बोलला, मग त्याच्या पुढच्या. त्याच्या खिशात फोन वाजत राहिला. त्याने तो उचलला नाही. एवढ्या दिवसांत त्या भोंग्याची मला तेव्हाच काय ती लाज वाटली नाही.

विनीत निवडून आला. आमच्या आळीत ताई पुढे होत्या, पण बाकीच्या भागात तो फोटो आमच्या आवाजाच्या आधी पोचला होता.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर आमच्या जागी दुसरी रिक्षा होती. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त एक जण म्हणाला, "काकांना विचार." मग विनीत एकदा घरी आला. "दीपकदादा, बाबा शांत होऊ देत. मी बोलेन त्यांच्याशी." अजून तरी तो बोललेला नाही. मला त्याचा रागही येत नाही. मी तरी फ्लेक्सखालून कुठे सुटू शकले होते?

गटाराचं झाकण तसंच फुटकं आहे. ताईंनी तिथे बांबू रोवून लाल फडकं बांधलंय आणि नवा अर्ज दिलाय. सोनूबाईच्या पायात सळई घातली आहे. ती दारात बसून मधूनच विचारते, "मतदान झाला काय रे?"

आता आम्ही दिवसभर फिरत राहतो. कुठे थांबलो की तिथले स्टँडवाले हटकतात, म्हणून थांबायची सोय नाही. फ्लेक्स निघाला, मागची काच पुन्हा मोकळी झाली, पण या गावात आम्हाला उभं राहायला जागा नाही.

तेव्हा एवढीच विनंती. कधी घाईत असाल आणि मी दिसले, तर नाक्यावरून हात दाखवू नका. जरा पुढे या, वळणाच्या पलीकडे. तिथे स्टँडवाल्यांची नजर पडत नाही, दीपकला घडीभर थांबता येतं.