त्या दिवसाचा चौकोन

टोपणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका... पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्या कुशीत खुपसलेला आणि त्याचं टोपण हातात; ठिपका तिनेच लावलेला, म्हणजे हा तोच, कापडे गावच्या पावसाच्या नोंदींचा — आणि महाडच्या कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या प्रियदर्शिनीच्या तळहाताला घाम फुटला.

तीन दिवस एकच घोळ चालला होता, विंडोज ठेवायचं की लिनक्स घालायचं. डोंगराचा उतार पडद्यावर उभा करून त्यावर वर्षावर्षांचा पाऊस रंगांत दाखवणारं ते सॉफ्टवेअर विंडोजवर अर्ध्या डोंगरातच धापा टाकायचं. "चालतंय ते मोडू नका," शेजारचे शरद सर म्हणाले. "मॅडम, लिनक्सच टाका, जुन्या मशीनवर पळतं," हा प्रितम, तिचा जुना विद्यार्थी. शेवटी लिनक्स ठरलं. त्याला जागा हवी म्हणून लॅपटॉपवरचा पाऊस तिने पेन ड्राइव्हवर हलवला, आणि आज सकाळी लिनक्सची फाइल भरून ते चढवायला नेमका तोच उचलला. यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल ना? पडद्याने विचारलं — चालेल, म्हणाली ती. लॅपटॉपची इतकी काळजी वाहिली, की...

नऊ वर्षांचा पाऊस. कापड्याच्या सुंदराबाईंनी रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातून मोजलेला, कॅलेंडरच्या चौकोनांत लिहिलेला. पुढच्या आठवड्यात ग्रामसभा. किती पाऊस झाला की दरडीच्या भीतीने वरची वाडी खाली आणायची, ते पडद्यावरच्या त्या डोंगरावर दाखवायचं होतं.

आणि तरी, अगदी पहिल्यांदा, क्षणभर हलकं वाटलं होतं. ते का?

तिने सुंदराबाईंना फोन लावला.

"कॅलिंडरं? हायत ना. सुनेनं फळीवर अंथरलीत, वर डबे ठेवलेत."

"आकडे दिसतात का, सुंदराबाई?"

"पेनानं लिवलंय, जातंय कुठं. तुमच्या मशीनीतलं गेलं काय?"

"गेलं."

"मग या उद्या, बाई. डबे उतरवून ठेवते. बसा लिवत."

"आणि त्या जुलैचं पान? दरड आली तेव्हाचं?"

"हाय. त्या चौकोनात आकडा नाय पण. भरून सांडला, एवढंच लिवलंय. किती सांडला ते मला काय ठावं?"

फोन ठेवून प्रियदर्शिनी खुर्चीत मागे टेकली. त्या चौकोनात आकडा तिने घातला होता — आजूबाजूच्या दिवसांवरून, अंदाजाने. मोकळी जागा राहिली की आलेखाची रेघ तुटते, बरं दिसत नाही म्हणून. मग दर वर्षी आलेख दाखवताना ती रेघ त्या दिवसावरून गुळगुळीत निघून जायची. कुणी विचारलं नाही. डोंगर किती पावसाला सुटला हे ज्याने सांगायचं तोच एक आकडा खोटा, आणि आता तो कुठेच नव्हता... मी आपणहून पुसला असता? नसता. माझं मला माहीत आहे.

पडद्यावर लिनक्स विचारत थांबलं होतं: जुनं विंडोज पुसून टाकायचं, की शेजारी राहू द्यायचं? तीन दिवस छातीवर बसलेला प्रश्न, आता नुसता प्रश्न होता. राहू दे शेजारी, नाहीतर जाऊ दे. डोंगर कशावरही उभा राहील. त्या दिवसापाशी मात्र आता रेघ तुटेल, आणि भर सभेत कुणीतरी विचारेल, बाई, इथं मोकळं का? टोपण तळहातावर घेऊन ती बसून राहिली. घाम केव्हाच वाळला होता.